गोड साके, कोजीची बुरशी आणि जोकिची ताकामिने

वाडा कोलमच्या मोकळ्या भाताचा एक घास, वरण-तूप न घालता, तोंडात घ्यावा आणि गिळण्याची घाई न करता मिनिटभर चावत राहावे. आधी बेचव लागलेला भात हळूहळू गोडसर लागू लागतो. ताटात साखर नव्हती. ती तोंडात तयार झाली. आपल्या लाळेत अमायलेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम असते. भातातल्या स्टार्चच्या लांबलचक साखळ्या ते तोडते आणि त्यातून माल्टोज ही साखर सुटी होते.

जपानमध्ये तांदळापासून साके हे मद्य करतात, त्याचा पाया नेमका हाच. फक्त तिथे भात चावण्याचे काम एक बुरशी करते. तिचे शास्त्रीय नाव अ‍ॅस्परजिलस ओरायझी. वाफवलेल्या तांदळावर ही बुरशी साधारण दोन दिवस वाढू दिली की पांढरी लव आलेले, सुगंधी आणि जिभेला गोड लागणारे दाणे तयार होतात. त्यांना कोजी म्हणतात. ठाणे-पालघरच्या पट्ट्यात मोहाची फुले किंवा ताडी आंबते तेव्हा साखर त्या फुलात, त्या रसात आधीपासूनच असते. यीस्टला आयते खाद्य मिळते. तांदळात साखर नसते आणि यीस्टला स्टार्च पचत नाही. म्हणून धान्यापासून मद्य करायचे तर आधी कुणीतरी स्टार्चची साखर करून द्यावी लागते. युरोपने त्यासाठी जवाला मोड आणले, ते माल्ट. जपानने बुरशी पाळली.

साकेच्या पिंपात दोन कामे एकाच वेळी चालतात. कोजी साखर तयार करत राहते आणि यीस्ट ती खाऊन अल्कोहोल करत राहते. यीस्टने साखर जवळपास संपवली तर साके कोरडी होते, बरीचशी उरली तर गोड. आता या हिशेबात एक गंमत करता येते. पिंपात शेवटच्या वेळी पाणी घालायचे तेव्हा त्यातल्या काही पाण्याऐवजी तयार साकेच ओतायची. वाढलेल्या अल्कोहोलमुळे यीस्ट मंदावते, पण कोजीची विकरे थांबत नाहीत. ती साखर करतच राहतात आणि ती खायला कुणी उरत नाही. या गोड, दाट साकेला किजोशू म्हणतात. जपानच्या राष्ट्रीय मद्यसंशोधन संस्थेत १९७३ मध्ये ही पद्धत नव्याने बसवली गेली, पण तिचे मूळ इसवी सन ९२७ मध्ये संकलित झालेल्या एंगिशिकी या दरबारी ग्रंथात सापडते. काही वर्षे मुरलेली किजोशू काकवीच्या रंगाची होते. चव मध आणि मनुकांकडे झुकते, शेवटी किंचित सोया सॉसची खारट सावली येते. ती लहान पेल्यात, थोडीच घेतात. गोडव्यामुळे ती सौम्य वाटते. पण तिच्यातले अल्कोहोल नेहमीच्या साकेइतकेच, म्हणजे बिअरच्या तिप्पट असते. यकृताला चवीतला फरक कळत नाही.

ही बुरशी मात्र मद्याच्या पिंपापुरती राहिलेली नाही. डोंबिवलीतल्या एखाद्या औषधाच्या दुकानात जेवणानंतर घ्यायची पाचक गोळी किंवा सरबत मागावे आणि वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचावीत. बऱ्याच ठिकाणी ‘फंगल डायस्टेज’ असे शब्द दिसतील. ते या बुरशीचे विकर. बुरशीपासून विकरे काढून विकणे हा आज मोठा उद्योग आहे आणि त्यातल्या एका बड्या भारतीय कंपनीचे मुख्यालय ठाण्यातच आहे. साके गाळणाऱ्यांच्या कोठारातून ही बुरशी औषधाच्या कपाटात आणली ती जोकिची ताकामिने यांनी.

ताकामिने यांचा जन्म ३ नोव्हेंबर १८५४ रोजी जपानच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या ताकाओका गावी झाला. वडील वैद्य, तेही डच पुस्तकांतून पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले. आई साके गाळणाऱ्या घराण्यातली. औषध आणि कोजी असे दोन्ही वारसे एका घरात आले. जपान नुकताच बाहेरच्या जगाला दारे उघडत होता. मुलगा हुशार निघाला तेव्हा वडिलांनी आणि संस्थानाने त्याला अकराव्या-बाराव्या वर्षीच दूर नागासाकीला इंग्रजी व विज्ञान शिकायला धाडले. पुढे क्योतो, ओसाका, तिथे थोडे वैद्यक, मग तोक्योतले अभियांत्रिकी महाविद्यालय. १८७९ मध्ये ते उपयोजित रसायनशास्त्राचे पदवीधर झाले आणि सरकारने त्यांना स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला पाठवले. तीन वर्षांत त्यांनी प्रयोगशाळेइतकेच कारखाने पाहिले. प्रयोगशाळेतली गोष्ट मोठ्या हौदात कशी करायची, हे कौशल्य त्यांना पुढे जन्मभर पुरले.

१८८४ मध्ये सरकारी प्रतिनिधी म्हणून ते अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी गेले. कल्याणच्या आनंदीबाई जोशी त्याच्या आदल्याच वर्षी बोटीने अमेरिकेत पोहोचल्या होत्या आणि फिलाडेल्फियात वैद्यक शिकत होत्या. आशियातून असा प्रवास करणारे तेव्हा बोटांवर मोजण्याइतके असत. न्यू ऑर्लिन्समध्ये ताकामिने यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे फॉस्फेटचे खनिज, ज्यापासून खत होते. दुसरी कॅरोलाइन हिच ही तरुणी. १८८७ मध्ये दोघांचे लग्न झाले. मधुचंद्राच्या प्रवासातही नवरदेवाने खतांचे कारखाने पाहून घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. कॅरोलाइनबाईंनी हे कसे सोसले असेल, कोण जाणे.

तोक्योला परतल्यावर काही काळ पेटंट कार्यालयात वरिष्ठ पदावर काम करून त्यांनी उद्योगपती शिबुसावा एइइची आणि इतरांच्या भांडवलावर जपानची पहिली रासायनिक खत कंपनी उभी केली. शिबुसावा म्हणजे २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर ज्यांचा चेहरा आहे, ते. कंपनी जेमतेम रांगू लागली होती आणि ताकामिने यांचे मन कोजीकडे वळले.

त्यांचा हिशेब असा होता. अमेरिकेत व्हिस्की करायला माल्ट लागते. जव भिजवा, मोड आणा, वाळवा, भाजा. दिवस जातात, जागा जाते, चांगले जव जातात. कोजी दोन दिवसांत होते आणि स्टार्च तोडण्याची तिची ताकद माल्टहून जास्त. शिवाय तिला तांदूळच हवा असे नाही. ताकामिने यांनी ती गव्हाच्या कोंड्यावर वाढवून दाखवली, जो पिठाच्या गिरण्यांमधून जवळपास टाकाऊ म्हणून निघतो. ही युक्ती दिसायला साधी आहे, पण जपानमध्ये शतकानुशतके तांदळासारख्या दाण्यांवर पोसलेल्या बुरशीला कोंडा खायला घालण्याचे धाडस मोठे होते. कॅरोलाइनच्या आईने अमेरिकेतल्या मद्य-उद्योगाशी बोलणी जुळवून दिली आणि १८९० मध्ये ताकामिने बायको आणि दोन तान्ह्या मुलांसह अमेरिकेला निघाले. शिबुसावांना हे मुळीच रुचले नाही. ज्यांच्या भरवशावर भागधारकांनी पैसे घातले तोच माणूस निघून जात होता. त्यांचा राग समजण्यासारखा होता.

इलिनॉय राज्यातले पिओरिया हे तेव्हा अमेरिकेतल्या व्हिस्कीचे मोठे केंद्र. तिथल्या भट्ट्या एका मक्तेदार संघाच्या ताब्यात होत्या. लोक त्याला व्हिस्की ट्रस्ट म्हणत. ट्रस्टला खर्च वाचवायचा होता, त्यामुळे ताकामिने यांची पद्धत हवी होती. ती नको होती माल्ट करणाऱ्यांना, कारण ती यशस्वी झाली तर त्यांचा धंदाच बसणार होता. एका परक्या, आशियाई माणसाने बुरशी घेऊन यावे आणि पिढीजात कारागिरांची रोजी काढून घ्यावी, असा तो मामला. १८९१ मध्ये नवी भट्टी सुरू होण्याच्या बेतात असताना तिला आग लागली आणि वर्षभराची मेहनत राख झाली. आग लावली गेली असा संशय तेव्हाही होता, पण सिद्ध काहीच झाले नाही.

याच काळात ताकामिने यांचे यकृत बिघडले. दुखणे जिवावरचे होते. त्यांना शिकागोला हलवून शस्त्रक्रिया करावी लागली. परका देश, पदरी दोन मुले, कमाई अनिश्चित. कॅरोलाइनबाईंनी तो काळ काटकसरीने निभावला. बरे झाल्यावर ताकामिने पुन्हा उभे राहिले, पुन्हा प्रयोग झाले. पण ट्रस्टच राजकारणात आणि खटल्यांत अडकला आणि १८९५ मध्ये मोडला. कोजीची व्हिस्की अमेरिकेच्या बाजारात कधीच रुळली नाही.

धंद्याच्या वहीत हे शुद्ध अपयश होते. पण तोवर ताकामिने यांच्या हातात दुसरेच काही आले होते. कोंड्यावरची कोजी पाण्यात भिजवली तर तिची विकरे पाण्यात उतरतात. त्या अर्कात अल्कोहोल ओतले की विकरे गाळासारखी खाली बसतात आणि वाळवली की पूड मिळते. स्टार्च तोडणारे असे द्रव्य माल्टमध्ये असते, हे फ्रान्समध्ये पायेन आणि पर्सो यांनी १८३३ मध्येच दाखवले होते. त्यांनीच त्याला डायस्टेज नाव दिले होते. ताकामिने यांचे डायस्टेज बुरशीचे होते, अधिक जोरकस होते आणि हवे तेवढे करता येत होते. सप्टेंबर १८९४ मध्ये त्यांना त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. सूक्ष्मजीवापासून काढलेल्या विकराचे अमेरिकेतले ते पहिले पेटंट मानले जाते. आपल्या आडनावाचा पहिला तुकडा जोडून त्यांनी नाव ठेवले ताका-डायस्टेज. डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने ते पचनाचे औषध म्हणून बाजारात आणले आणि ते धडाक्यात खपले.

भात आणि नूडल्स खाणाऱ्या जपानमध्ये तर ते घरोघरी पोहोचले. नात्सुमे सोसेकी यांच्या १९०५ पासून प्रसिद्ध झालेल्या, मांजराने सांगितलेल्या विनोदी कादंबरीतला पोटाच्या तक्रारींनी बेजार मास्तर हेच औषध घेतो. विनोदी कादंबरीत औषधाचे नाव कसलीही ओळख न देता यावे, इतके ते ओळखीचे झाले होते. जपानमधल्या विक्रीसाठी १८९९ मध्ये सानक्यो हे दुकान निघाले. १९१३ मध्ये त्याची मोठी कंपनी झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष ताकामिनेच होते. हीच पुढे दाइइची सानक्यो झाली, जिने २००८ मध्ये आपल्याकडची रॅनबॅक्सी विकत घेतल्यावर भारतीय वर्तमानपत्रांत तिचे नाव रोज येत असे.

फंगल डायस्टेज आजही विकले जाते, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. हे विकर फक्त स्टार्च तोडते. तेलकट भजी किंवा मटण यांतले स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने त्याच्या कक्षेबाहेरची. आणि निरोगी माणसाचे स्वादुपिंड स्टार्चसाठी लागणारे अमायलेज स्वतःच भरपूर करते. त्यामुळे लग्नाच्या पंगतीनंतर एखादी गोळी घेतल्याने बरे वाटले तरी तो गुण विकराचा किती आणि वेळ गेल्याचा किती, हे सांगणे अवघड असते. ज्यांचे स्वादुपिंड खरोखर निकामी झाले आहे त्यांना वेगळी, मेद पचवणारी विकरे असलेली औषधे लागतात आणि ती डॉक्टरच ठरवतात. अपचन आठवडेच्या आठवडे टिकले, वजन उतरू लागले, शौचाला काळी झाली, तर पाचक सरबताच्या बाटल्या रिकाम्या करत बसणे धोक्याचे.

दुसरी सावधगिरी बुरशीबद्दल. कोजीची बुरशी ही अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या जातीची माणसाळलेली बहीण आहे. फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन हे यकृताचा कर्करोग घडवणारे विष तयार करते. कोजीची बुरशी ते करत नाही; पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवताना तिची ती क्षमता गेली आहे. पावसाळ्यात दमट हवेत तांदळावर, शेंगदाण्यावर, मक्यावर आपोआप धरणारी बुरशी यातली कोणती, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यामुळे ते धान्य टाकूनच द्यायचे. धुऊन, उन्हात घालून चालत नाही.

ताका-डायस्टेजच्या उत्पन्नावर ताकामिने १८९७ मध्ये न्यू यॉर्कला आले आणि त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा थाटली. पार्क-डेव्हिसने त्यांच्यापुढे नवे कोडे ठेवले. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या अधिवृक्क ग्रंथी असतात. त्यांचा अर्क प्राण्याला टोचला तर रक्तदाब झपाट्याने चढतो, हे इंग्लंडमध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी १८९० च्या दशकात दाखवले होते. डॉक्टर तो अर्क वापरूही लागले होते, पण तो अशुद्ध असे, लवकर नासे आणि प्रत्येक खेपेला त्याची ताकद वेगळी भरे. त्यातले नेमके द्रव्य कोणते, ते शुद्ध रूपात वेगळे करण्याची शर्यत अमेरिका आणि युरोपातल्या नामांकित प्रयोगशाळांत लागली होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन जेकब एबल हे मोठे औषधशास्त्रज्ञ कित्येक वर्षे त्यामागे होते. त्यांनी एक पदार्थ वेगळा करून त्याला एपिनेफ्रिन नाव दिले होते, पण तो मूळ द्रव्याचे रासायनिक फेरफार झालेले रूप निघाला. ताकामिने एबल यांची प्रयोगशाळा पाहून आले होते. ही भेट पुढे वादाचा विषय झाली.

ताकामिने यांचे स्वतःचे प्रयत्नही फसत होते. १९०० साली जपानहून केइझो उएनाका हा तरुण रसायनतज्ज्ञ त्यांच्याकडे कामाला आला. उएनाका हे तोक्योला नागाइ नागायोशी यांच्या हाताखाली शिकले होते. दम्यावर उपयोगी पडलेले एफेड्रिन एका वनस्पतीतून वेगळे काढणारे ते हेच नागाइ. वनस्पतीच्या अर्कातून नाजूक द्रव्य न बिघडवता कसे काढायचे, याची उएनाकांची बोटे तयार होती. कत्तलखान्यातून आणलेल्या बैला-मेंढ्यांच्या ग्रंथी, किंचित आम्ल केलेले कोमट पाणी, हवा लागू नये म्हणून काळजी, निर्वातात आटवणे आणि शेवटी अमोनिया. १९०० च्या जुलैमध्ये, न्यू यॉर्कच्या उकाड्यात, एका नळीच्या तळाशी बारीक स्फटिक जमलेले उएनाकांना दिसले. रक्तदाब चढवणारे द्रव्य हेच होते. माणसाने शुद्ध रूपात हाती धरलेले ते पहिले संप्रेरक. गंमत अशी की संप्रेरकासाठीचा हार्मोन हा शब्दच तेव्हा नव्हता. तो १९०५ मध्ये आला.

ताकामिने यांनी त्याला अ‍ॅड्रेनलिन नाव दिले आणि नोव्हेंबर १९०० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९०३ मध्ये पेटंट मिळाले. त्यावर नाव एकट्या ताकामिने यांचे. प्रयोगशाळा त्यांची, पैसा त्यांचा, दिशाही त्यांनी दिलेली, हे सगळे खरे. तरी स्फटिक ज्यांच्या हातून पडले त्या उएनाकांचे नाव जगाला अनेक दशके ठाऊक नव्हते. त्या उन्हाळ्यात त्यांनी रोज लिहिलेली प्रयोगांची वही निशिनोमिया शहरातल्या एका बौद्ध मंदिरात जपून ठेवली आहे आणि ती वाचल्यावर अभ्यासकांनी श्रेयाचा हिशेब पुन्हा मांडला. मालकाचे नाव पुढे आणि सहायकाचे वहीत, ही रीत तेव्हाच्या प्रयोगशाळांत सर्रास होती. म्हणून ती न्याय्य ठरत नाही.

औषधाचा उपयोग मात्र लगेच सुरू झाला. अ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे डोळ्याच्या आणि नाकाच्या शस्त्रक्रियांत रक्तस्राव आटोक्यात आला. दम्याच्या झटक्यात श्वासनलिका मोकळ्या करायला डॉक्टर ते टोचू लागले. बधिर करणाऱ्या औषधात मिसळले तर त्याचा असर जास्त वेळ टिकतो. दाढ काढताना डोंबिवलीतला दंतवैद्य जी सुई देतो तिच्यात आजही बहुधा अ‍ॅड्रेनलिनचा अंश असतो. मधमाश्यांचा हल्ला, शेंगदाणे किंवा कोळंबीची तीव्र अ‍ॅलर्जी, पेनिसिलिनची उलटी प्रतिक्रिया अशा वेळी घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो आणि मिनिटे मोजकी उरतात. तेव्हा मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनलिन हाच पहिला उपचार आहे. अ‍ॅलर्जीची साधी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. ठाणे-कल्याण परिसरात कोणत्याही रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात या औषधाच्या छोट्या कुप्या हाताशी ठेवलेल्या असतात.

पेटंटवरून न्यायालयातही झुंज झाली. निसर्गात, बैलाच्या ग्रंथीत असलेल्या पदार्थावर कुणाचा हक्क कसा, असा प्रतिस्पर्धी कंपनीचा सवाल होता. १९११ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी निकाल दिला की शुद्ध केलेले हे द्रव्य व्यवहारात एक नवीच वस्तू झाले आहे, म्हणून पेटंट टिकते. पुढे शंभर वर्षे अमेरिकेत औषधे आणि अगदी जनुके यांच्या पेटंटांसाठी या निकालाचा आधार घेतला गेला. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या काढलेल्या नैसर्गिक जनुकांपुरता हा दरवाजा बंद केला. भारताचा पेटंट कायदा निसर्गात सापडणाऱ्या पदार्थाच्या शोधाला पेटंट देतच नाही. अ‍ॅड्रेनलिनचा अर्ज आजच्या भारतात आला असता तर तो टिकणे कठीण होते.

दोन औषधांनी ताकामिने गडगंज झाले. मॅनहॅटनमध्ये रिव्हरसाइड ड्राइव्हवर त्यांचे घर होते आणि आतली सजावट जपानी होती. १९०५ मध्ये त्यांनी न्यू यॉर्कमध्ये निप्पॉन क्लब काढला. वॉशिंग्टनला दरवर्षी वसंतात फुलणारी चेरीची झाडे पाहायला लाखो लोक जातात, त्यामागेही त्यांचा हात आणि पैसा होता. १९१० मध्ये आलेली पहिली २,००० झाडे किडीमुळे जाळावी लागली. मग तोक्योहून ३,०२० निरोगी झाडे पाठवली गेली आणि २७ मार्च १९१२ रोजी पहिली दोन लावली गेली.

जपानला स्वतःची मूलभूत संशोधन संस्था हवी, असा आग्रह त्यांनी १९१३ मध्ये तोक्योत धरला. ज्या शिबुसावांना त्यांनी एकदा अर्ध्यावर सोडले होते तेच या कामात पुढे आले. १९१७ मध्ये रिकेन संस्था उभी राहिली. तिथल्या सुझुकी उमेतारो यांनी पुढे तांदूळ न वापरता प्रयोगशाळेत साके बनवली, कारण १९१८ मध्ये तांदळाच्या भावावरून देशभर दंगली झाल्या होत्या आणि खायचा तांदूळ पिंपात घालणे त्यांना पटत नव्हते.

तीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहून, अमेरिकन बायको आणि मुले असून, ताकामिने यांना त्या देशाचे नागरिकत्व घेता आले नाही. आशियात जन्मलेल्यांना तो हक्क कायदा देत नव्हता. यकृत-मूत्रपिंडांच्या दुखण्यांनी खंगून २२ जुलै १९२२ रोजी न्यू यॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. ब्राँक्सच्या वुडलॉन दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

पार्क-डेव्हिसने नावाचा व्यापारी हक्क घेतल्यामुळे अमेरिकेत या औषधाला सरकारी नाव एबल यांचेच, एपिनेफ्रिन, मिळाले आणि ते आजही चालू आहे. भारतात कुपीवर अ‍ॅड्रेनलिन लिहिलेले असते. खुद्द जपानच्या औषधसंहितेतही दीर्घकाळ एपिनेफ्रिन हेच नाव होते. ते बदलून अ‍ॅड्रेनलिन करण्यात आले २००६ मध्ये. त्याच वर्षी तिथल्या मद्यनिर्मिती शास्त्राच्या संस्थेने कोजीच्या बुरशीला राष्ट्रीय बुरशी म्हणून जाहीर केले.